खाट सोडली म्हणजे रुग्ण सोडला का?

गेल्या महिन्यात आमच्या एका विद्यार्थिनीने बालअतिदक्षता विभागातलं, म्हणजे पीआयसीयूतलं, प्रशिक्षण संपवलं आणि पुढची दोन वर्षं मेडिकल इन्फॉर्मेटिक्स, म्हणजे रुग्णांची माहिती संगणकात कशी नोंदवावी आणि उपचारासाठी कशी वापरावी याचं शास्त्र, शिकायचं ठरवलं. बातमी पसरली तशी डॉक्टरमंडळींत चर्चा सुरू झाली आणि दोन दिवसांत त्या चर्चेचं भांडण झालं. एक बाजू म्हणाली, "जिल्ह्याच्या गावी व्हेंटिलेटरवरचं मूल सांभाळायला माणूस मिळत नाही, आणि ही हाताशी आलेली पोर संगणकापुढे जाऊन बसणार?" दुसरी बाजू म्हणाली, "उद्या निदान यंत्रच करणार आहे, तुम्ही अजून नाडी धरून बसलात." मी १८ वर्षं पीआयसीयूत ड्युटी करते आहे आणि दोन्हीकडची माणसं माझ्या जवळची आहेत. तरी हे भांडण मला अस्वस्थ करून गेलं. कागद बरा की संगणक बरा, खाट मोठी की पडदा मोठा, यावर एवढी ताकद खर्च झाली, आणि मुलाच्या शिरेत औषध जाण्याआधी त्या ऑर्डरची रचना नेमकी कोण ठरवतं, हे एकानेही विचारलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. औषधाची ऑर्डर, वजनाची नोंद, धोक्याची सूचना हे सगळं आता संगणकातून जातं. त्यात पडद्यावर माहिती भरायची कोणती चौकट आधी येईल, काय आपोआप भरलं जाईल, कुठे अडवलं जाईल आणि कुठे जाऊ दिलं जाईल हे ठरवणं हा उपचाराचाच भाग आहे. मुलांच्या बाबतीत तरी हे काम अशा डॉक्टरकडे हवं, ज्याने गंभीर मुलांच्या खाटेशी रात्री काढल्या आहेत, जो हे शास्त्र रीतसर शिकला आहे आणि ज्याला त्यासाठी पगारी वेळ आणि अधिकार दिलेला आहे. ड्युटी उरकून, हौस म्हणून, तासभर बसून हे काम होत नाही.

हे मी पुस्तकी बोलत नाही. काही वर्षांपूर्वी मी ज्या रुग्णालयात होते तिथे नवी संगणक प्रणाली आली. मोठ्यांच्या रुग्णालयांत ती चांगली चालली होती. एका रात्री अडीचच्या सुमारास ताप आणि झटके घेऊन सात महिन्यांचं बाळ आलं. वजन ७.६ किलो. रेसिडेंटने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, वजनाच्या चौकटीत ७.६ टाकलं. त्या चौकटीत दशांशचिन्ह बसतच नव्हतं, कारण मोठ्या माणसाचं वजन दशांशात लिहायची वेळ सहसा येत नाही. टिंब गळालं, ७६ राहिलं. शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलचा डोस किलोला १५ मिलिग्रॅम. बाळाला हवे होते ११४ मिलिग्रॅम, म्हणजे ११.४ मिली. पडद्यावर आलं ११४० मिलिग्रॅम, ११४ मिली. आमच्या सिस्टरच्या हातात १०० मिलीची बाटली होती. ती थबकली. म्हणाली, "मॅडम, अख्खी बाटली घातली तरी चौदा मिली कमी पडतात. एवढ्याशा बाळासाठी दुसरी बाटली फोडायची?" तो डोस गेला नाही, तो त्या सिस्टरमुळे आणि बाटलीच्या मापामुळे. औषध असं असतं की ज्याची दहापट मात्राही एका लहान सिरिंजमध्ये मावते, तर तिला संशय यायला कारणच उरलं नसतं.

मला त्याहून जास्त लागलं ते पुढचं. ही चौकट दुरुस्त व्हायला तीन आठवडे गेले. प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा शेवटी फोनवर सापडला आणि काय घडलं ते ऐकून त्याचा आवाज कापरा झाला. त्याने तासाभरात दुरुस्ती केली. तीन आठवडे गेले ते त्याच्यापर्यंत पोचायला. आम्ही मेट्रनना सांगितलं, मेट्रननी प्रशासनाला, प्रशासनाने आयटीवाल्यांना, आयटीवाल्यांनी कंपनीला, आणि प्रत्येक पायरीवर 'बाळाचं वजन दशांशात असतं' ही गोष्ट थोडी थोडी विरत गेली. तोवर संगणकाच्या कडेला चिकटपट्टीने कागद लावला होता: 'वजन हाताने तपासा.' कुणी हलगर्जी नव्हतं. ते काम कुणाचंच नव्हतं, एवढंच.

मोठ्यांसाठी केलेली व्यवस्था मुलांना लावताना असं का होतं, हे पीआयसीयूबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. मोठ्यांना बहुतेक गोळ्या ठरलेल्या मापाच्या: एक सकाळी, एक रात्री. आमच्याकडे सहाशे ग्रॅमचं अपुऱ्या दिवसांचं बाळ असतं आणि साठ किलोचा कॉलेजात जाणारा मुलगाही असतो. शंभरपटीचा फरक. प्रत्येक डोस वजनाने गुणायचा, मग मिलिग्रॅमचे मिली करायचे, मग मिनिटाचा वेग तासाच्या वेगात आणायचा. आम्ही रेसिडेंटना 'सहाचा नियम' शिकवायचो: वजनाला सहाने गुणा, तेवढे मिलिग्रॅम औषध १०० मिलीत घाला, पंप तासाला १ मिलीवर ठेवा, म्हणजे मिनिटाला किलोमागे १ मायक्रोग्रॅम जातं. आठ किलोच्या बाळाला ४८ मिलिग्रॅम. कागदावर हे सुटसुटीत दिसतं. पहाटे चारला, रक्तदाब पडत असताना, आई दाराशी उभी असताना करून बघावं. बोस्टनच्या दोन रुग्णालयांतल्या मुलांच्या १०,७७८ औषध-ऑर्डरींची तपासणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ६१६ चुका सापडल्या, आणि ज्या चुकांनी इजा होऊ शकली असती त्यांचं प्रमाण मोठ्यांच्या तिप्पट निघालं. त्या ऑर्डरी हाताने लिहिलेल्या होत्या. म्हणजे 'आमचा कागदच बरा होता' असं म्हणायची सोय नाही.

आणि तरीही संगणक आणला की झालं, असं म्हणणाऱ्यांनी पिट्सबर्ग विसरू नये. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात ऑक्टोबर २००२ च्या अखेरीस संगणकावरून ऑर्डर देण्याची पद्धत सहा दिवसांत सगळीकडे लागू झाली. औषधांच्या चुका कमी व्हाव्यात हाच हेतू होता. तिथल्याच डॉक्टरांनी बाहेरगावहून पाठवलेल्या १,९४२ मुलांची नोंद तपासली आणि २००५ मध्ये ती जगापुढे ठेवली. आधीच्या १३ महिन्यांत १,३९४ पैकी ३९ मुलं दगावली होती, २.८० टक्के. नंतरच्या पाच महिन्यांत ५४८ पैकी ३६, म्हणजे ६.५७ टक्के. स्वतःच्या रुग्णालयाबद्दल असं छापायला धैर्य लागतं, आणि त्या डॉक्टरांबद्दल मला कायम आदर वाटत आला आहे.

तिथे काय बदललं होतं? आधी मूल अँब्युलन्समध्ये वाटेत असतानाच डॉक्टर ऑर्डर लिहून ठेवत आणि ते पोचेपर्यंत औषधं भरून तयार असत. नव्या पद्धतीत मूल प्रत्यक्ष येऊन त्याची संगणकात पूर्ण नोंद होईपर्यंत एकही ऑर्डर घेतली जात नव्हती. आधी जी ऑर्डर काही सेकंदांत लिहून होत असे तिला आता दहाएक क्लिक आणि मिनिट-दोन मिनिटं लागू लागली. तातडीची औषधं विभागातून उचलून मध्यवर्ती फार्मसीत नेली गेली. सिस्टर आणि डॉक्टर खाटेपासून उठून पडद्याकडे गेले. यातला प्रत्येक निर्णय कार्यालयात बसून पाहिला तर शहाणपणाचाच वाटतो. नोंद झाल्याशिवाय औषध नाही, हा नियम कुणाला वाईट वाटेल? सेप्टिक शॉकमधल्या, म्हणजे संसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या, मुलाच्या पहिल्या तासात मिनिटाची किंमत काय असते हे अंगवळणी पडलेला माणूस त्या बैठकीत बोलण्याच्या अधिकाराने बसलेला असता, तर त्याने हाच नियम पहिल्या दिवशी अडवला असता, असं मला वाटतं.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. पिट्सबर्गचा अभ्यास आधी-नंतरची तुलना करणारा होता आणि नंतरचा काळ जेमतेम पाच महिन्यांचा होता. मृत्यू वाढले ते संगणकामुळेच, असं त्यातून सिद्ध होत नाही. सिएटलच्या बालरुग्णालयाने तीच विकत मिळणारी प्रणाली बसवली, आणि तिथल्या पीआयसीयूत मृत्यू वाढले नाहीत. आधी ४.२२ टक्के होते, नंतर ३.४६, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता. स्टॅनफर्डच्या लुसिल पॅकार्ड बालरुग्णालयाने २०१० मध्ये दाखवलं की त्यांच्याकडे अशी प्रणाली आल्यावर मृत्युदर २० टक्क्यांनी उतरला. संगणकाला खुनी ठरवणाऱ्यांनी हे आकडे टाळू नयेत. पण हे तीन निकाल शेजारी शेजारी ठेवले तर काय दिसतं? पिट्सबर्ग आणि सिएटल यांचं यंत्र एकच होतं. सिएटलने अतिदक्षता विभागात वारंवार लागणाऱ्या ऑर्डरींचे संच आधीच रचून ठेवले होते. रात्रीची ड्युटी केल्याशिवाय ते संच रचता येत नाहीत.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, आणि मी तो स्वतःलाच अनेकदा विचारला आहे. डॉक्टर बैठकीत असूनही चूक होते, त्याचं काय? सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफ विद्यापीठाच्या बालरुग्णालयात २०१३ मध्ये सोळा वर्षांच्या एका मुलाला सेप्ट्रा या जंतुनाशक औषधाची एक गोळी द्यायची होती. त्याला ३८½ गोळ्या दिल्या गेल्या. मुलगा ३८.६ किलोचा. चाळीस किलोच्या आतल्या रुग्णाचा डोस किलोच्या हिशेबानेच लिहायचा, असा रुग्णालयाने केलेला नियम होता. रेसिडेंटने किलोला ५ मिलिग्रॅम लिहिलं, ते १९३ झालं. गोळी १६० ची मिळते, तेव्हा ऑर्डर पुन्हा टाका, असं फार्मसीने कळवलं. तिने १६० टाकलं. चौकटीचं एकक अजून 'किलोला मिलिग्रॅम' हेच होतं. सूचना वाजली. अशा सूचना दिवसभर वाजतच असतात, तिने ती बाजूला सारली. फार्मसीतही तेच झालं. यंत्राने गोळ्या भरल्या. रात्रीच्या सिस्टरला इतक्या गोळ्या बघून शंका आली, तिने बारकोड वाचला, आणि संगणकाने सांगितलं, डोस बरोबर आहे. मुलाने त्या सगळ्या गिळल्या. पुढे त्याला झटका आला. तो वाचला.

चाळीस किलोचा नियम डॉक्टरांच्या संमतीनेच झाला होता, आणि हेतू मुलांना जपण्याचाच होता. मग माझा मुद्दा कोसळला का? नाही, तो जास्त नेमका झाला. समितीत एक डॉक्टर बसवला, त्याने दुपारच्या चहाबरोबर हो म्हटलं, एवढ्याने काही साधत नाही. एकक आपोआप कुठलं येतं, एका ड्युटीत किती सूचना वाजतात आणि त्यातल्या किती बाजूला सारल्या जातात, नियमाच्या काठावर, म्हणजे ३८ आणि ३९ किलोवर, काय होतं, हे तपासणं हा पूर्ण वेळचा धंदा आहे, त्याला शिक्षण लागतं. अमेरिकेने २०११ मध्ये क्लिनिकल इन्फॉर्मेटिक्सला स्वतंत्र उपशाखा म्हणून मान्यता दिली आणि २०१३ मध्ये पहिली परीक्षा घेतली. आमची विद्यार्थिनी शिकायला निघाली आहे ते हेच. तिला डॉक्टरकी सोडलेली म्हणणारे लोक, हृदयाची सोनोग्राफी शिकायला गेलेल्याला तसं म्हणतील का?

आता माणसांच्या टंचाईचा प्रश्न. हा विरोधातला सगळ्यात खरा मुद्दा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. मुंबई-पुण्याबाहेर रात्री दोनला मुलाला नळी घालायला येईल असा डॉक्टर शोधताना नातेवाइकांची काय अवस्था होते, हे मी फोनच्या या टोकाला बसून ऐकलं आहे. अशा वेळी एक प्रशिक्षित हात काढून घेणं ही चैन वाटते. पण टंचाई खरी असेल तर त्याच टंचाईचा हिशेब पुढे न्यावा. एका रात्रीत मी आठ-दहा मुलं सांभाळते. चुकीच्या एककाची एक चौकट ती प्रणाली जिथे जिथे बसवली तिथल्या प्रत्येक मुलापर्यंत पोचते, आणि जिथे तज्ज्ञ नाही तिथे ती चूक पकडणाराही नाही. ७.६ किलोच्या त्या बाळाला एका जाणत्या सिस्टरने वाचवलं. तालुक्याच्या ठिकाणी, सहा महिन्यांच्या कंत्राटावर आलेल्या मुलीला तशी शंका घ्यायचा धीर झाला असता का? तज्ज्ञ जितके कमी, तितकं त्यांचं शहाणपण त्या चौकटींत आधीच घातलेलं असणं गरजेचं.

आणि खाटेपासून दूर गेलेल्या वैद्यकीय माणसांचा इतिहास आपण इतक्या लवकर का विसरतो? फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातल्या जखमी सैनिकांसाठी तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या इस्पितळात गेली आणि १८५६ मध्ये परतली. त्यानंतर तिने खाटेशी बसून शुश्रूषा जवळजवळ केलीच नाही. तिने मृत्यूंच्या नोंदी मांडल्या, तक्ते काढले, हिंदुस्थानातल्या आरोग्यव्यवस्थेवर लिहीत राहिली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही पत्रव्यवहार केला. व्हर्जिनिया अपगार ही भूल देणारी डॉक्टर. तिने १९५२ मध्ये नवजात बाळाला पाहण्याच्या पाच गोष्टी ठरवून त्यांना गुण दिले, आणि आज आपल्याकडे तालुक्याच्या बाळंतपणाच्या खोलीतही केसपेपरवर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचा अपगार लिहिला जातो.

इंजिनीअरांनी करावं, डॉक्टरला काय कळतं प्रोग्रॅममधलं, असंही म्हटलं जातं. यात तथ्य आहे. डॉक्टर स्वतःच्या सवयीलाच नियम समजतो, आपल्या विभागापुरतं पाहतो, आणि त्याने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम तो रजेवर गेला की बंद पडतो. मी असे दोन पाहिले आहेत. प्रोग्रॅम इंजिनीअरनेच लिहावा. पण आकड्याचा अर्थ कोण लावणार? कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात १९५२ च्या उन्हाळ्यात पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले ३१ रुग्ण पहिल्या तीन आठवड्यांत आले आणि २७ दगावले. प्रयोगशाळा सांगत होती की त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण फार वाढलंय. त्याचा अर्थ लावला जात होता की रक्त अल्कधर्मी झालंय, कारण कळत नाही. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं गेलं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर श्वास अपुरा पडला की काय होतं हे तो रोज पाहत होता. त्याने तोच आकडा उलटा वाचला: या मुलांना श्वास बाहेर टाकता येत नाही म्हणून कार्बन डायऑक्साइड साठतोय. बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्याने हाताने पिशवी दाबत तिचा श्वास चालवला आणि ती सावरली. मग जवळपास दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी पिशव्या दाबत बसले. आमचा अख्खा अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाला. आकडा प्रयोगशाळेचा होता आणि अचूक होता. त्याचा अर्थ मात्र श्वास पाहिलेल्या माणसालाच लागला.

आपल्या घरातलं उदाहरण तर याहून जवळचं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे प्रश्न होता की जिला शंभरापर्यंत मोजता येत नाही अशा दाईने बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा कसा. त्यांनी 'ब्रेथ काउंटर' केला: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं की न्यूमोनिया. मला विचाराल तर हे उत्तम मेडिकल इन्फॉर्मेटिक्स आहे, आणि त्यात विजेचा एक तारही नाही. माहिती कोण गोळा करणार, तिला काय जमतं, चूक कुठे होईल, निर्णय कुठल्या मण्यावर घ्यायचा, हे सगळं त्यात आधी विचारलेलं आहे. असं साधन आजारी मुलं पाहिलेल्या आणि दाईबरोबर जमिनीवर बसलेल्या माणसाच्याच डोक्यातून येतं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असं आपण म्हणतो ते यालाच.

यंत्रच निदान करणार, असं म्हणणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना मी दोन गोष्टी दाखवते. पहिली मोठ्यांची आहे. सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयव बिघडू लागणं, आधीच हेरणारी संगणकाची एक सूचना अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत लावली गेली होती. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात तिची स्वतंत्र तपासणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के तिने हेरलेच नाहीत, आणि दाखल झालेल्यांपैकी १८ टक्क्यांच्या नावाने मात्र ती वाजली. लावली आधी, तपासली नंतर. वरातीमागून घोडं.

दुसरी गोष्ट मुलांची, आणि ती आपल्याला थेट लागू आहे. मुलांमधला सेप्सिस ओळखण्याच्या २००५ च्या व्याख्या जुन्या झाल्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या जागी 'फिनिक्स' निकष आले. ते तीस लाखांहून जास्त मुलांच्या भेटींच्या नोंदींवरून तयार झाले, आणि ते काम पुढे नेणाऱ्यांत शिकागोचे नेल्सन सांचेझ-पिंटो आणि कोलोरॅडोचे टेलेन बेनेट हे होते. दोघेही पीआयसीयूचे डॉक्टर आणि दोघेही माहितीशास्त्राचे अभ्यासक. खाट सोडली म्हणून ज्यांना नावं ठेवली जातात तीच ही जात. आता त्या नोंदी कुठल्या? अमेरिका, कोलंबिया, बांगलादेश, चीन, केनिया. भारतातल्या एकाही रुग्णालयाच्या नोंदी त्यात नाहीत. या निकषांत बसलेल्या मुलांपैकी साधनसंपन्न ठिकाणी ७.१ टक्के दगावली, साधनं कमी असलेल्या ठिकाणी २८.५ टक्के. आपण कुठल्या रकान्यात आहोत?

माझ्या विभागातला सप्टेंबर डोळ्यांपुढे आणा. निम्म्या खाटांवर डेंग्यूची मुलं. फिनिक्समध्ये संसर्गाचा संशय आणि दोन गुण झाले की सेप्सिस. प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या की एक गुण, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, १.३ च्या वर गेला की आणखी एक. डेंग्यूत प्लेटलेट लाखाखाली जाणं हे आमच्याकडे रोजचं. अंथरुणात बसून बिस्किट खाणारं, आईशी भांडणारं मूल ८० हजार प्लेटलेट आणि १.४ आयएनआरवर 'सेप्सिस' ठरेल. शेजारच्या खाटेवरचं, हातपाय गार पडत चाललेलं मूल आणि हे मूल एकाच सुराने सूचना वाजवतील. निकष चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही; विषाणूमुळे होणारा सेप्सिसही सेप्सिसच असतो आणि ते निकष करणाऱ्यांनी काळजीपूर्वक काम केलं आहे. पण ही सूचना पावसाळ्यातल्या महाराष्ट्रात कशी वागेल हे कुणीतरी इथल्या नोंदींवर तपासायला नको का? ते काम सॉफ्टवेअर विकणारा करणार नाही. रात्रभर खाटेशी असलेला माझ्यासारखा डॉक्टरही करू शकणार नाही, कारण मला तीस हजार नोंदींतून प्लेटलेटचा आलेख काढता येत नाही. त्यासाठी दोन्ही येणारी व्यक्ती लागते, आणि अशी व्यक्ती आपण तयारच केली नाही तर दुसऱ्यांच्या मुलांवरून काढलेले आकडे आपल्या मुलांवर तसेच लागत राहतील.

एक धोका मला दिसतो, तो विरोधकांनी मांडला नाही म्हणून मीच मांडते. हे काम करणारा डॉक्टर हळूहळू कंपनीचा माणूस होऊ शकतो. आज सल्लागार, उद्या भागीदार, परवा तोच आपल्या रुग्णालयाला ते सॉफ्टवेअर घ्यायला लावणार. हे टाळायचं तर पगार रुग्णालयाने किंवा शासनाने द्यायला हवा, आणि विकणाऱ्याकडून पैसा घ्यायचा नाही ही अट नेमणूकपत्रातच असायला हवी. दुसरं, त्याची ड्युटी पूर्ण सुटता कामा नये. पाच वर्षं रात्रपाळी न केलेल्या डॉक्टरला पहाटेचा थकवा फक्त आठवतो, आणि आठवणीतला थकवा नेहमी सोसण्यासारखा वाटतो.

सरकारी पातळीवर हा प्रश्न आताच का, तर पाया आता घातला जातो आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं, प्रत्येकाच्या आरोग्यनोंदी जोडणारा चौदा आकडी आभा क्रमांक घरोघरी पोचतो आहे. मी त्याच्या बाजूची आहे. नाशिकहून मुंबईला हलवलेल्या मुलाच्या आधीच्या औषधांची यादी पिशवीतल्या चुरगळलेल्या चिठ्ठ्यांवरून जुळवणं मी फार वेळा केलं आहे. पण नवजात बाळाला नावच नसतं. आमच्या नवजात अतिदक्षता विभागात पाटीवर 'बेबी ऑफ सुनीता' लिहिलेलं असतं, आणि एका आठवड्यात दोन सुनीता असतात, एकीला जुळं. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयाने 'बेबीबॉय' अशी सरसकट नावं बंद करून आईच्या नावावरून प्रत्येक बाळाला वेगळं नाव द्यायला सुरुवात केली, तर चुकीच्या बाळावर पडणाऱ्या ऑर्डरी ३६.३ टक्क्यांनी घटल्याचं २०१५ मध्ये छापून आलं. खर्च जवळजवळ शून्य. आपल्याकडे राष्ट्रीय नोंदणीचे तपशील ठरताना हे बोलायला कोण असतं? मोठ्या मेडिकल कॉलेजांत, निदान जिथे पीआयसीयू आहे तिथे, अर्धा वेळ विभागात आणि अर्धा वेळ या कामावर असं एक पद असावं, आणि त्या व्यक्तीच्या सहीशिवाय मुलांच्या ऑर्डरची एकही चौकट चालू होऊ नये. माझी मागणी एवढीच आहे, आणि एका एमआरआय यंत्राच्या देखभालीपुढे तिचा खर्च किरकोळ आहे.

परवा त्या विद्यार्थिनीचा फोन आला. चर्चा तिच्याही कानावर गेली होती आणि ती दुखावली होती. मी तिची समजूत घालायला लागले, तर तिने मध्येच विचारलं, "मॅडम, शिकत असताना महिन्याला किती रात्री देता येतील मला तुमच्याकडे?" मी म्हटलं, चार घे, अभ्यास आहे. ती म्हणाली, सहा द्या, आणि सप्टेंबरात आठ. डेंग्यूच्या मुलांच्या प्लेटलेटच्या नोंदी तिला खाटेशी उभं राहून स्वतः घ्यायच्या आहेत.